मेडिकल कॉलेजच्या ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी

शेजारच्या काकू परवा संध्याकाळी एका ट्रायलच्या, म्हणजे रुग्णांवर करायच्या औषधाच्या चाचणीच्या, संमतीची आठ पानं घेऊन आल्या. वय एकाहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, आणि गेली दोन-तीन वर्षं तळपायांची आग. शहरातल्या एका टीचिंग हॉस्पिटलच्या ओपीडीत दर महिन्याला जातात. या वेळी केसपेपरबरोबर एका तरुण डॉक्टरने ही पानं पुढे केली आणि म्हणाला, "बा, अहीं सही करी आपो." काकू जन्मापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी त्या असं गुजराती बोलतात की कोणाला त्या मराठी आहेत हे कळतही नाही. पण शाळा मराठी, त्यामुळे दुकानाची पाटी वाचतात, आठ पानं सरकारी गुजराती नाही वाचवत. "उद्या करते" म्हणून त्या कागद घेऊन घरी आल्या.

मी म्हटलं, हे उत्तम केलंत.

मी निवृत्त शिक्षिका. गेली सहा वर्षं एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, 'सामान्य नागरिक' या खुर्चीत बसते. अशी खुर्ची असावीच असा नियम आहे: डॉक्टर नसलेलं, वैद्यकाचं शिक्षण नसलेलं कोणीतरी तिथे हवं, आणि ते माणूस नसेल तर बैठकीचा कोरमच होत नाही. काकूंना त्या संध्याकाळी जे सांगितलं ते इथे लिहिते. बडोद्यात हे वरचेवर घडतं. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाबरोबर आहे, गोत्रीला दुसरं सरकारी कॉलेज आहे, पिपरियाला सुमनदीप आणि लिमड्याला पारुल ही आपापली हॉस्पिटलं असलेली विद्यापीठं आहेत. जिथे शिकवणारं हॉस्पिटल, तिथे ट्रायल असणारच.

ट्रायल कोणाची, हे आधी विचारा

ट्रायल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे औषध कंपनी येते. पण प्रत्येक ट्रायलला एक प्रायोजक असतो आणि तो कंपनीच असला पाहिजे असं नाही. प्रायोजक म्हणजे नुसता पैसे देणारा नव्हे. ट्रायल सुरू करणं, नीट चालवणं आणि काही बिघडलं तर निस्तरणं ज्याच्या अंगावर, तो प्रायोजक. कॉलेजच्या डॉक्टरांनी स्वतःहून काढलेल्या ट्रायलमध्ये ती जागा डॉक्टर आणि त्यांची संस्था यांच्याकडे येते.

कंपनी ज्यात पडणार नाही असे प्रश्न विद्यापीठंच हातात घेतात. कोविडच्या वेळची 'रिकव्हरी' ट्रायल आठवते? प्रायोजक ऑक्सफर्ड विद्यापीठ, सुरुवात मार्च २०२०. डेक्सामेथासोन हे जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, अगदी स्वस्त औषध त्यांनी २,१०४ रुग्णांना दिलं आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या ४,३२१ रुग्णांशी ताडून पाहिलं. १६ जून २०२० ला निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत सुमारे एक पंचमांशाने कमी, आणि ऑक्सिजनही न लागणाऱ्यांना काहीच फायदा नाही. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळ्यांसाठी लोक मेडिकलच्या दुकानांतून फिरत होते, तिचा दाखल रुग्णांना उपयोग नाही हेही याच ट्रायलमध्ये कळलं. अशा औषधात कोणती कंपनी पैसे घालणार?

आपल्याकडे मात्र सगळ्या ट्रायल एवढ्या मोठ्या नसतात. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थीसिस करावा लागतो, आणि पुष्कळ ट्रायल म्हणजे त्याचाच थीसिस. त्यात कमीपणा नाही. फक्त ते माहीत असावं, कारण तीन वर्षांनी तो विद्यार्थी पास होऊन जातो, आणि मागे राहतात गाइड, म्हणजे त्याला मार्गदर्शन करणारे प्राध्यापक.

२०१९ च्या 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स' नियमांत शैक्षणिक ट्रायलची वेगळी व्याख्या आहे. औषध आधीच मान्यता असलेलं. त्याचा नवा उपयोग, नवा डोस, देण्याची नवी तऱ्हा किंवा नवं रूप तपासायचं. आणि निकाल फक्त अभ्यासासाठी, विक्रीची परवानगी मिळवायला नाही. काकूंची ट्रायल याच कुळातली. जे औषध त्या आजही घेतात, ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं की रात्री एकदम, एवढाच प्रश्न. अशा ट्रायलला साधारणपणे दिल्लीच्या औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. म्हणजे चाळणी एकच, आणि ती आमची. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

दोन गोष्टी तपासा

पहिली, एथिक्स कमिटीची मंजुरी. कमिटीत किमान सात जण असावे लागतात, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री सदस्य आणि माझ्यासारखी एक सामान्य व्यक्ती हवीच. मंजुरीचं पत्र रुग्णाला आपणहून कोणी दाखवत नाही, पण मागता येतं. पत्रावरचं ट्रायलचं नाव आणि तुमच्या कागदावरचं नाव एकच आहे ना, एवढं ताडून पाहा.

दुसरी, सीटीआरआयचा नंबर. ही आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय सरकारी परिषदेने, २० जुलै २००७ ला सुरू केलेली ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही. १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती झालेली असली पाहिजे. नंबरात आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे. वेबसाइट कोणालाही फुकट पाहता येते. इंग्रजीत आहे, तेव्हा नातवाला बसवा. काकूंच्या नातवाने पाच मिनिटांत शोधलं. नोंदीत मुख्य प्रायोजक कोण, पैसा कुठून, किती रुग्ण घेणार, कोणाला घेणार नाहीत, हे सगळं असतं. 'पोस्ट ग्रॅज्युएट थीसिस' असा एक रकाना असतो, त्यापुढे 'येस' होतं. नोंदीची तारीखही बघा. ट्रायल सहा महिने चालू असेल आणि नोंद मागच्या आठवड्यातली असेल, तर सही करण्याआधी तेवढं विचारायला लाजू नका.

चिठ्ठी कोण उचलतं

सर्वांत अवघड गोष्ट ही. नियम समजतात, ही मनाला पटत नाही.

ओपीडीत डॉक्टर तुमच्यासाठी विचार करतो: या बाईला झोप लागत नाही, हिला रात्रीचा डोस वाढवू. ट्रायलमध्ये तोच डॉक्टर, तोच पांढरा कोट, पण तुम्हाला कोणत्या गटात टाकायचं हे तो ठरवत नाही. ते कॉम्प्युटरची चिठ्ठी ठरवते. तुमची प्रकृती, तुमची विनंती, तुमची ओळख, काही चालत नाही. चालू नयेच. डॉक्टरने बऱ्या वाटणाऱ्या रुग्णांना एका गटात आणि थकलेल्यांना दुसऱ्यात घातलं, तर औषधाचा गुण कोणता आणि रुग्णाच्या ताकदीचा कोणता, हे कधीच कळणार नाही.

चिठ्ठ्या टाकणं म्हणजे जिवाशी जुगार असं काकूंच्या जावेचं म्हणणं पडलं. मी त्यांना मद्रासची गोष्ट सांगितली. १९५६ मध्ये तिथे टीबीच्या गरीब रुग्णांचे अशाच पद्धतीने दोन गट केले: काहींना सॅनेटोरियम, काहींना घरीच गोळ्या. तोवर सगळ्यांची खात्री, की हवापाणी, पौष्टिक खाणं आणि पूर्ण विश्रांतीशिवाय टीबी जात नाही. आमच्या आजीच्या पिढीत लोक मिरजेच्या सॅनेटोरियमला वर्ष वर्ष राहायचे. १९५९ मध्ये निकाल आला: दाटीवाटीच्या घरात राहून गोळ्या घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. खात्री होती म्हणून कोणी चिठ्ठी टाकलीच नसती, तर?

काकूंच्या कागदावर 'प्लासिबो' शब्द होता आणि त्याचीच त्यांना धास्ती. "म्हणजे मला खोटं औषध देणार?" नीट वाचल्यावर उलगडा झाला. रात्रीच्या गटाला सकाळी रिकामी कॅप्सूल मिळणार, दिसायला हुबेहूब तशीच. औषधाचा पूर्ण डोस रात्री पोटात जाणारच. सकाळची पोकळ कॅप्सूल एवढ्यासाठी, की कोण कोणत्या गटात हे रुग्णालाही कळू नये आणि पायांची आग किती कमी झाली हे विचारणाऱ्या डॉक्टरलाही कळू नये. तुमच्या कागदावर प्लासिबो असेल तर दोन नेमके प्रश्न विचारा: प्लासिबो औषधाच्या जागी आहे की औषधाच्या जोडीला? आणि तातडीची वेळ आली तर मला काय दिलं जात होतं हे रात्री दोन वाजता कोण उघडून सांगणार? त्याची सोय असावी लागते.

आठ पानं कशी वाचायची

भाषा. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, हा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नाही. बडोद्यात ते बहुतेक गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत तयार असतं. मराठी क्वचित. नाशिक-नागपूरहून नोकरीसाठी नव्याने आलेल्यांना गुजराती लिपी येत नाही, आणि 'समजलं ना?' म्हटलं की आपण सवयीने मान डोलावतो. डोलावू नका. हिंदी प्रत मागा. मराठीच हवी असेल तर तसं सांगा. कमिटीने मंजूर केलेलं भाषांतरच द्यावं लागतं, त्यामुळे वेळ लागेल, तो लागू द्या.

भाषांतराची आमच्या कमिटीतली एक गंमत. इंग्रजीत अभ्यासाच्या गटाला 'आर्म' म्हणतात, आणि तुलनेसाठीच्या गटाला 'कंट्रोल आर्म'. एका पत्रकात छापून आलं होतं, 'आपणास नियंत्रण हातात ठेवण्यात येईल.' आम्ही हसलो, पण वाचणाऱ्या रुग्णाने काय समजावं? त्याच पत्रकात 'प्रतिकूल घटनांचे व्यवस्थापन केले जाईल' असं वाक्य होतं. मी विचारलं, कोण करणार, कुठे करणार आणि पैसे कोणाचे? पुढच्या बैठकीत ते वाक्य असं झालं: 'औषधामुळे त्रास झाला तर याच हॉस्पिटलात विनामूल्य उपचार होतील.' तुमच्या कागदावर पहिल्या प्रकारचं वाक्य दिसलं तर हेच तीन प्रश्न तुम्हीही विचारा.

रक्ताचंही तसंच. 'दर भेटीस १० मिली' वाचून काकूंना वाटलं, बाटलीभर काढतात की काय. दहा मिली म्हणजे चहाचे दोन चमचे, तीन भेटींचे मिळून सहा. मी कमिटीत दर वेळी चमच्यांचा आग्रह धरते. डॉक्टर मंडळी आता मला पाहिलं की आधीच चमचे लिहून आणतात.

आता पैसा. नेहमीच्या उपचारात ज्या तपासण्या होणारच होत्या त्या वेगळ्या, आणि केवळ अभ्यासासाठीच्या वेगळ्या. अभ्यासासाठीच्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कोणत्या कोणत्या, हे पेन्सिलीने खुणा करून घ्या. जादा फेऱ्यांचं रिक्षाभाडं मिळतं का, तेही विचारा. कॉलेजच्या ट्रायलमध्ये पैसा तुटपुंजा असतो, पण विचारल्याशिवाय तर काहीच मिळत नाही.

शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारस यांचे रकाने दिसले की लोक बिचकतात. काकू म्हणाल्या, "वारस कशाला विचारतात? मारणार आहेत का मला?" हे रकाने सरकारी नमुन्यातलेच आहेत, वारसाचं नाव ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी. घाबरून कोरे ठेवू नका. उरलेलं रक्त पुढच्या कुठल्यातरी संशोधनासाठी साठवायची परवानगी मागितली असेल, तर तिथे वेगळी खूण असते. ट्रायलला हो आणि त्याला नाही, असं म्हणता येतं.

वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवताना तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्यानेही सही करायची असते. त्याच विभागातली नर्स किंवा वॉर्डबॉय तटस्थ नव्हेत. शेजारी, भाचा, कोणीही चालेल. तारीख स्वतःच्या हाताने घाला. डॉक्टरची सही तुमच्यासमोर होऊ द्या. आणि सही झालेली प्रत घरी आणा.

काही झालंच तर

आज नुकसानभरपाईचे जे नियम आहेत ते आपोआप आलेले नाहीत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने ट्रायलमधल्या गैरप्रकारांबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये भरपाईचे आणि एथिक्स कमिट्यांच्या नोंदणीचे नियम आले, संमती देतानाचं ध्वनिचित्रमुद्रण आलं, आणि पुढे २०१९ चे नियम. ध्वनिचित्रमुद्रण आता अगदी नव्या औषधी रेणूच्या ट्रायलमध्ये, असुरक्षित गटातल्या, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या, सहभागींसाठी लागतं. काकूंसमोर कॅमेरा नसेल, तेव्हा तो नाही म्हणून संशय नको.

औषधाला परवानगी मिळवण्यासाठीच्या ट्रायलमध्ये मृत्यू ओढवला तर भरपाईचं सूत्रच ठरलेलं आहे. मूळ रक्कम ८ लाख; तिला वयाच्या आणि आजाराच्या गांभीर्याच्या आकड्यांनी गुणायचं. वय पासष्टच्या पुढे असेल, तर अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी ४ लाख, आणि निरोगी स्वयंसेवकासाठी ३२ लाख. वय कमी तशी रक्कम वाढते.

शैक्षणिक ट्रायलला मात्र आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. तिथे भरपाईची जबाबदारी संस्थेची, आणि रक्कम एथिक्स कमिटी ठरवते. म्हणून कॉलेजच्या ट्रायलमध्ये हा प्रश्न जास्तच मोठ्याने विचारा: विमा काढला आहे का, की संस्थेने निधी बाजूला ठेवलाय? 'काही होत नाही हो' हे उत्तर नव्हे. आमच्या टेबलावर हे उत्तर एका गाइडसाहेबांनी दिलं होतं. प्रस्ताव परत गेला.

माहितीपत्रकावर दोन फोन नंबर हवेत: एक ट्रायलच्या डॉक्टरचा, दुसरा एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा. डॉक्टरशीच वाद असेल तर त्यालाच फोन करून काय उपयोग? दुसरा नंबर त्यासाठीच. दोन्ही एकदा लावून बघा. काकूंनी लावले. एक बंद निघाला.

सुरू झाल्यावर

यात फार सांगण्यासारखं नाही. रिकाम्या स्ट्रिप्स आणि उरलेल्या कॅप्सूल फेकू नका, पुढच्या भेटीत त्या मोजतात. डोस चुकला तर चुकला म्हणून सांगा. सरांना वाईट वाटेल म्हणून 'रोज घेतलं' म्हणणारे रुग्ण ट्रायलचं सगळ्यात जास्त नुकसान करतात. वैद्यांचा काढा, मेथीदाणे, कारल्याचा रस, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं सांगा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, दातांच्यासुद्धा, तर ट्रायलचं कार्ड दाखवा.

मधूनच सोडायची असेल तर सोडता येते. कारण द्यावं लागत नाही आणि ओपीडीतले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पण न सांगता गायब होऊ नका. काही औषधं एकदम बंद केली तर त्रास होतो. काकूंचं तर हळूहळूच कमी करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी काकू परत गेल्या, नातवाला घेऊन. हिंदी प्रत मिळाली. बंद पडलेल्या नंबरावर डॉक्टरने पेनाने काट मारून नवा लिहिला आणि शेजारी सही केली. काकूंनी पेन्सिलीने खुणा केलेली सगळी पानं त्याच्यासमोर उलटली, त्याने उत्तरं दिली, मधे एकदा आत जाऊन गाइडना विचारूनही आला. शेवटी काकूंनी विचारलं, "बेटा, तू तर परीक्षा देऊन जाशील. मग माझ्या पायांसाठी सकाळचं बरं की रात्रीचं, हे मला कोण सांगणार?"

पोरगा जरा थांबला. मग प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने गाइडचं नाव लिहिलं, विभागाचा नंबर लिहिला, आणि त्याखाली निकाल साधारण केव्हा हाती येईल तो महिना. काकूंनी चष्मा पुसला, ते तिन्ही पुन्हा वाचले, आणि मग पेन मागितलं.